डुंग्याच्या वळणावरचा पाणघोडा

"थांब, थांब! परत वाच!" अकेयो ओरडली.

तिच्या मैत्रिणीने, नाफुलाने, तोंडातला गोड तळलेल्या मंदाझीचा घास कसाबसा गिळला आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "'झीवाची खबर, मंगळवार. म्फाल्मे यांच्या गेमची तिसरी सुधारणा आली! किबुये बाजारापाशी मोटरसायकल भिंतीतून आरपार जात होती. ती आता भिंतीला धडकून थांबते.' यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे?"

"ती भिंत मी नीट केलीय! काल! आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाही!"

"मलासुद्धा नाही?" ओगालोने विचारलं. ओगालो अकेयोचा अकरा वर्षांचा चुलतभाऊ. त्याचा एक हात कायम मंदाझीच्या कागदी पिशवीत असायचा.

"तुला तर मुळीच नाही. तुला सांगितलं की सगळ्या कोंडेले वस्तीला कळतं."

"हे मात्र खरं हं!" ओगालोने आनंदाने मान डोलावली.

पण अकेयोला हसू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती आजची नव्हती. ऑगस्टची सुट्टी लागल्यापासून ती धुमसतच होती.

त्याचं असं झालं होतं. झीवा कट्टा म्हणजे किसुमू शहरातल्या गेमवाल्यांचा आणि हॅकरांचा इंटरनेटवरचा कट्टा. हॅकर म्हणजे लुच्चे नव्हेत बरं का! गेम उघडून आत काय आहे ते बघणारे, त्यात आपलं काहीतरी जोडणारे, मोडलेलं दुरुस्त करणारे. चारशे जण होते कट्ट्यावर. कट्ट्याची रोजची बातमीपत्रिका नाफुला लिहायची आणि तिचा तिला भारी तोरा होता. तेरा वर्षांच्या अकेयोचं कट्ट्यावरचं नाव होतं ओपुक, म्हणजे कासव. हे कासव दीड वर्षं एका गेमवर खपत होतं. त्यात किसुमूचे खरे रस्ते होते, खरे खड्डे होते आणि कोंडेलेहून किबुयेमार्गे तळ्याकाठच्या डुंग्यापर्यंत सुसाट पळणारी एक लाल मटाटू, म्हणजे उतारूंची गाडी, होती.

गेम पूर्ण झाला. अकेयोने तो कट्ट्यावर टाकला, आणि तासाभरात तिला कळलं की तोच गेम दोन दिवसांपूर्वी म्फाल्मे नावाच्या कुणीतरी टाकून झालाय! रस्ते तेच, खड्डे तेच, मटाटूसुद्धा तीच. हा म्फाल्मे, म्हणजे स्वतःला राजा म्हणवणारा, कट्ट्यावर नवाच होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. कट्टा चालवणाऱ्या म्वालिमू नेरिया, म्हणजे नेरियाबाई, विद्यापीठात संगणक शिकवायच्या. त्यांनी फक्त तारखा पाहिल्या, अकेयोला एका शब्दाने विचारलं नाही, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं: 'ओपुकने दुसऱ्याचं काम चोरलं आहे. ओपुक सुट्टीभर बॅन.'

चोर! चारशे जणांसमोर!

तेही तिने एक वेळ गिळलं असतं. पण गेममध्ये मटाटूच्या दारात उभा राहून कंडक्टर ओरडायचा ना, "कोंडेले-किबुये-डुंगा! या, या, या! एकच जागा शिल्लक, एकच जागा!" तो आवाज तिच्या बाबांचा होता. वीस वर्षं बाबा मटाटूवर कंडक्टर होते. आवाज असा की अख्खं कोंडेले त्यांना 'रेडिओ' म्हणायचं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि रेडिओ कायमचा बंद झाला. जेवढा आवाज अकेयोने आधी मोबाइलवर भरून ठेवला होता, तेवढाच आता जगात शिल्लक होता. आणि हा म्फाल्मे कट्ट्यावर लिहीत होता, 'कंडक्टरच्या आवाजासाठी मी नैरोबीहून खास नट बोलावला!'

"नट!" अकेयो दात खाऊन म्हणाली. "सापडू दे मला हा राजा. त्याची सगळी यंत्रं तळ्यात बुडवते की नाही बघ!"

धाड्!

तिघंही दचकली. दारात बाबा उभे होते. त्यांनी पत्र्याच्या दारावर तळहाताने एकच थाप मारली होती. घरात सगळ्यांना ती भाषा पाठ झाली होती. मटाटूच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. आवाज गेल्यापासून बाबा अख्खा संसार या दोन शब्दांत चालवत होते.

"बाबा, पण त्याने तुमचा आवाज पळवलाय!"

बाबांनी बोटाने स्वतःचं डोकं ठोकून दाखवलं. हात नको, हे वापर!

"बरोबर आहे," नाफुला म्हणाली. "काल केलेली दुरुस्ती आज सकाळी म्फाल्मेकडे पोचते. म्हणजे तो तुझ्या फाइली अजूनही उचलतोय. तू काम कुठे कुठे करतेस?"

अकेयोने बोटं मोजली. घरात संगणक नव्हता, त्यामुळे ती पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून गावभर फिरायची. "सकाळी वाचनालयात. दुपारी क्रिस्पिन अंकलच्या गेमिंग अड्ड्यावर, चार नंबरच्या यंत्रावर. आणि कधीकधी तुझ्या बरासाच्या लॅपटॉपवर. काल तर तिन्हीकडे."

"माझ्या भावाचं नाव घेऊ नकोस हं!"

"मी तर सगळ्यात आधी त्याचंच घेणार! गेल्या सुट्टीत मी त्याला हरवलं, तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही."

"बरासा आळशी आहे. त्याला चोरीचासुद्धा कंटाळा येईल!"

"मग शोधूया ना!" ओगालो बोटं चाटत म्हणाला. "घरात मासळीचे तुकडे कोण पळवतं ते आजीने कसं शोधलं होतं? तीन बरण्यांत तीन वेगळी तिखटं घातली. ज्याची जीभ ज्या तिखटाने भाजली, तो त्या बरणीचा चोर."

"कोण निघालं चोर?"

"ते सोड. युक्ती बघ!"

युक्ती खरंच झकास होती! अकेयो गेममधली प्रत्येक दुरुस्ती एका यादीत लिहून ठेवायची, आणि म्फाल्मे ती यादीच उचलून खबरीसाठी पाठवत होता. बुधवारी तिने तीन ठिकाणी तीन याद्या ठेवल्या. तिन्हींत एकेक लोणकढी थाप होती. वाचनालयात लिहिलं, 'बाजाराच्या छपरावरचा करकोचा आता उडतो.' बरासाच्या लॅपटॉपवर लिहिलं, 'कोंडेलेची बकरी आता मटाटूखाली येत नाही.' आणि क्रिस्पिनच्या चार नंबरवर लिहिलं, 'डुंग्याच्या वळणावरचा पाणघोडा रस्त्यातून हलत नव्हता. तो आता दोनदा हॉर्न दिल्यावर उठतो.'

गेममध्ये ना करकोचा होता, ना बकरी, ना पाणघोडा.

गुरुवारी सकाळी नाफुला धापा टाकत आली. मोबाइल तिने अकेयोच्या नाकापुढे नाचवला. "आला! म्फाल्मेचा निरोप आला! ओळख पाहू काय आलंय!"

"बकरी?"

"पाणघोडा! माझ्या भावाची माफी माग आधी!"

क्रिस्पिन अंकल! डोक्यावर पिवळ्या चौकड्यांची टोपी, तोंडात कायम काडी आणि जिभेवर मध. बॅन झाल्यावर हाच म्हणाला होता, "अरेरे, पोरी, लोक किती दुष्ट असतात! तू काम थांबवू नकोस हं. चार नंबर तुझाच." अकेयो त्या दिवशी त्याच्यासमोर रडलीसुद्धा होती! ती रडत होती आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा मनात हसत होता. ते आठवून तिची कानशिलं गरम झाली.

"चला, म्वालिमूंना सांगूया," नाफुला म्हणाली.

"नाही."

"नाही? अगं, पुरावा आहे!"

"म्वालिमू काय करतील? त्याला खोलीत बोलावतील. तो म्हणेल, चूक झाली. मग कुठल्यातरी कोपऱ्यात दोन ओळींची खबर येईल." अकेयोचा आवाज अगदी थंड झाला होता. "मला चोर म्हटलं तेव्हा चारशे जणांनी वाचलं. आता चारशे जणांसमोरच होऊ दे. एक कमी चालणार नाही मला."

"तू भयंकर आहेस," ओगालो कौतुकाने म्हणाला.

"आहेच मुळी! पुढच्या शनिवारी मेळावा आहे ना? आणि कट्ट्याचा नियम काय आहे?"

नाफुलाचे डोळे हळूहळू मोठे झाले. कट्ट्यावर जुना नियम होता. ज्याने दुरुस्ती जाहीर केली, त्याला मेळाव्यात कुणीही उठून "दाखव!" म्हणू शकायचं. मग तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर करून दाखवायचं. फुशारक्या मारणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केलेला नियम होता तो. क्रिस्पिन नवा, त्याला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

"पण शहाणा असेल तर तोवर गेम उघडून बघेल की पाणघोडा आहे का," नाफुला म्हणाली.

"तो डुंग्यापर्यंत पोचेल तर बघेल ना! त्याला किबुयेचा खड्डासुद्धा ओलांडता येत नाही. मी पाहिलंय त्याला चालवताना. गाडी उलटली की बंद करून टाकतो आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो."

त्या दुपारी ती अड्ड्यावर गेली.

"ये, ये, पोरी!" काउंटरमागून क्रिस्पिनने टोपी उचलली. "आज फार उशीर केलास. काम कुठवर आलं?"

"पाणघोड्यावर अडलंय, अंकल," अकेयो खाली मान घालून म्हणाली. "पण करतेय."

"कर, कर! मन लावून कर. कष्टाला फळ असतंच."

कुणाच्या कष्टाला आणि कुणाला फळ, हे तिने विचारलं नाही. तिने चार नंबरवर बसून यादीत एक नवी ओळ घातली आणि निघून आली.

मग सुरू झाली मजा! शुक्रवारच्या खबरीत आलं, 'पाणघोडा आता मासळीच्या रांगेत उभा राहतो.' रविवारी आलं, 'पाणघोडा गाडीत बसला तर दोघांचं भाडं देतो.' मंगळवारी आलं, 'पाणघोडा बसल्यावर कंडक्टर बाकीच्यांना पोट आत घ्यायला सांगतो.' नाफुला निरोप येईल तसा छापायची. लिहिताना तिला एवढं हसू यायचं की तिची आई म्हणाली, या पोरीला दवाखान्यात न्यायला हवं. कट्ट्यावर तर नुसता कल्ला उठला. कुठाय पाणघोडा? आम्हाला का दिसत नाही? आणि म्फाल्मेमहाराज छाती फुगवून उत्तरं देत होते, 'धीर धरा! शनिवारच्या मेळाव्यात मी स्वतः येणार आहे. पाणघोडा तुम्हाला तिथेच दिसेल.'

"मासा गळ गिळतो हे माहीत होतं," ओगालो म्हणाला, "हा तर काठीसकट गिळतोय!"

त्या आठवड्यात अकेयो सकाळ-दुपार बरासाच्या लॅपटॉपवर बसली. बरासाची माफी तिने आधीच मागितली होती. बरासाने जांभई देऊन ती स्वीकारलीही होती. तिथे बसून तिने खराखुरा पाणघोडा बनवला. अंग करडं, डोळे बारीक, चाल डुलत डुलत. त्याला तिने आणखीही काही चढवलं. ते पाहून नाफुला पोट धरून जमिनीवर बसली.

शुक्रवारी दुपारी अकेयोने ती फाइल चार नंबरवर ठेवली आणि यादीत लिहिलं, 'पाणघोडा पूर्ण. आता काही बाकी नाही.' एकदा, फक्त एकदाच जरी क्रिस्पिनने आज डुंग्यापर्यंत गाडी नेली, तर सगळं फसणार होतं. बाबांचा आवाज कायमचा त्याच्या नावावर, आणि ती कायमची चोर.

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. मनात धाकधूक होती. एक थाप मारली तर?

बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग टेबलावर दोन थापा मारल्या. दुसरी जरा जास्तच जोरात होती.

शनिवारी सकाळी दहालाच सभागृह खच्चून भरलं. कुणी भाजलेली कणसं आणली होती, कुणी भावंडं. बॅन झालेल्यांना आत बोलायची परवानगी नव्हती, म्हणून अकेयो बाबांबरोबर अगदी मागे, पत्र्याच्या मोठ्या दारापाशी उभी राहिली. काही मुलं मागे वळून तिच्याकडे बघत होती. "तीच ती कासव," एकाने कुजबुजून सांगितलं. अकेयोने ओठ घट्ट मिटून घेतले.

मंचावर म्वालिमू नेरिया होत्या. त्यांच्या बाजूला, पिवळी टोपी तिरपी घालून, क्रिस्पिन.

"अरे, हा तर अड्ड्यावाला!" लोक म्हणाले.

"होय, मीच म्फाल्मे!" क्रिस्पिनने हात पसरले. "दोन वर्षं झोप सोडून हा गेम बनवला, मंडळी! आणि किसुमूच्या पोरांना अर्पण केला."

टाळ्या पडल्या. अकेयोच्या मुठी वळल्या. बाबांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

रिवाजाप्रमाणे खबर लिहिणारी नाफुला पुढे आली आणि सुधारणांची यादी मोठ्याने वाचू लागली. भिंत, मोटरसायकल, सिग्नल. मग खोकून तिने आवाज चढवला, "डुंग्याच्या वळणावरचा पाणघोडा आता दोनदा हॉर्न दिल्यावर उठतो!"

"दाखव!"

पहिल्या रांगेत ओगालो खुर्चीवर उभा राहिला होता.

क्रिस्पिन हसला. "बाळ, नंतर बघू."

"नियम आहे!" ओगालो ओरडला. "दाखव!"

"दाखव!" मागून कुणीतरी ओरडलं. आठवडाभर पाणघोडा शोधून थकलेली पोरं होती ती! क्षणात सगळं सभागृह पाय आपटायला लागलं. "दाखव! दाखव! दाखव!"

"नियम आहे खरा," म्वालिमू म्हणाल्या. "दाखवा, म्फाल्मे. तुमच्याच गेममध्ये कसली अडचण?"

क्रिस्पिनच्या तोंडातली काडी गळून पडली. तो यंत्रापाशी बसला. मोठ्या पडद्यावर लाल मटाटू आली आणि सभागृहात आवाज घुमला, "कोंडेले-किबुये-डुंगा! या, या, या! एकच जागा शिल्लक, एकच जागा!"

अकेयोने बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि आज तिला रडायचं नव्हतं.

मटाटू निघाली. शंभर पावलं गेली आणि किबुयेच्या खड्ड्यात उलटली.

"होतं कधीकधी," क्रिस्पिन म्हणाला.

दुसऱ्यांदा उलटली. तिसऱ्यांदा मासळीच्या गाड्यावर चढली आणि मग उलटली. लोक आता खिदळायला लागले होते.

"हे... यंत्र बरोबर नाही!"

"मी नेऊ का?" ओगालो टुणकन मंचावर चढला. "मी अकरा वर्षांचा आहे, मला जमतं!"

हशा पिकला. म्वालिमूंनी मान डोलावली आणि ओगालोने सूत्रं हातात घेतली. खड्डा डावीकडून चुकवला, बाजार ओलांडला, मोटरसायकलला वाट दिली. समोर तळं चमकायला लागलं. डुंग्याचं वळण आलं. रस्त्याच्या मधोमध करडा ढीग पडला होता.

"आहे! पाणघोडा आहे!" सगळे ओरडले. क्रिस्पिनने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा हसू आणलं. "म्हटलं नव्हतं मी?"

ओगालोने दोनदा हॉर्न दिला.

पाणघोडा डुलत डुलत उठला आणि वळला. त्याच्या डोक्यावर पिवळ्या चौकड्यांची टोपी होती. तोंडात काडी होती. आणि गळ्यात पाटी होती. चारशे जणांनी ती एका सुरात वाचली:

"मला घडवलं ओपुकने. चोरलं चार नंबरच्या यंत्रावरून. चोर इथपर्यंत कधी आलाच नाही!"

मग जो हास्याचा लोट उसळला! पोरं खुर्च्यांवर नाचायला लागली, कणसं उडाली. पडद्यावर पाणघोडा टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करत होता, आणि त्याच्याखाली बसलेला क्रिस्पिन स्वतःच्या डोक्यावरची टोपी लपवायला जागा शोधत होता.

"हा कट आहे!" तो किंचाळला. "या कारट्यांनी माझ्या फाइलीत घुसवलंय हे!"

"तुमच्या फाइलीत?" म्वालिमूंचा आवाज एकदम धारदार झाला. "गेम तुमचा, सुधारणा रोज तुम्ही पाठवलीत, पाणघोड्याच्या फुशारक्या तुम्ही मारल्यात. आणि त्याचं तोंड आज पहिल्यांदा बघताय?"

क्रिस्पिनने टोपी पाठीमागे लपवली.

"आणि तो आवाज? नैरोबीचा तो नट कोण? नाव सांगा त्याचं."

"ते... आठवत नाही..."

"मला आठवतं!" तिसऱ्या रांगेतून एक जाडजूड मटाटूचालक उठला. "अहो, मघापासून म्हणतोय मी, आवाज ओळखीचा आहे! हा आमचा रेडिओ! सहा वर्षं माझ्या गाडीवर होता. आणि तो काय, मागे दारापाशी उभा आहे!"

चारशे माना वळल्या. बाबांनी नुसती मान लववली. त्यांच्या गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण सगळ्यांना दिसला. हसणं थांबलं. मघाशी "तीच ती कासव" म्हणणारा मुलगा खाली बघायला लागला.

म्वालिमू मंचावरून उतरल्या आणि सरळ अकेयोसमोर येऊन उभ्या राहिल्या. "ओपुक, मी तारखा पाहिल्या आणि माणूस पाहिला नाही. चूक माझी. चोर म्हटलं ते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. माझे विद्यार्थी चार वर्षं शिकून असा गेम बनवत नाहीत, पोरी. बॅन उठला. गेम तुझा, नाव तुझं. नाफुला, आजच छाप!"

"मघाशीच छापलं!" नाफुला मोबाइल उंचावून म्हणाली.

टाळ्यांनी छप्पर हललं. अकेयोला वाटलं होतं की या क्षणी आतली आग विझेल. पण क्रिस्पिन दाराकडे सरकताना दिसला आणि ती पुन्हा भडकली. याच्यासमोर ती रडली होती!

"आता याचं काय करायचं?" म्वालिमूंनी विचारलं. "कट्ट्यावरून तर तो गेलाच. पण नुकसान तुझं झालंय. तू सांग."

क्रिस्पिन चटकन जवळ आला. जिभेवर पुन्हा मध आला होता. "अकेयो, पोरी! चार नंबर तुला कायमचा देतो! फक्त तो पाणघोडा... तेवढा काढून टाक. मला गावात तोंड दाखवायचंय गं."

अकेयो त्याच्याकडे बघत राहिली. "पाणघोडा राहणार," ती म्हणाली. "टोपीसकट, काडीसकट आणि पाटीसकट. किसुमूत जो कुणी हा गेम खेळेल, त्याला डुंग्याच्या वळणावर तुम्ही भेटाल. कायमचे."

"रेडिओ!" क्रिस्पिन काकुळतीने बाबांकडे वळला. "तू तरी समजाव पोरीला! तू मोठा माणूस आहेस!"

अकेयोने बाबांकडे पाहिलं. बाबा मुळात दयाळू. उतारूकडे सुटे नसले तरी सोडून द्यायचे. आणि बाबांनी थांब म्हटलं, तर ती थांबणार होती. आवाज त्यांचा होता.

बाबांनी क्रिस्पिनकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पाणघोडा अजून नमस्कार करत होता. बाबांनी तळहात उचलला आणि पत्र्याच्या दारावर मारला.

धाड्!

एक थाप. क्रिस्पिनने सुटकेचा श्वास सोडला. अकेयोने मान खाली घातली.

बाबांचा हात अजून वरच होता.

धाड्!